एल्डनने व्हेगासला काय करू नये

हार्लो क्रीक, नेब्रास्का
२ मार्च १९८३

प्रिय विल्मा आत्या,

नमनाला घडाभर तेल न घालता मुद्द्यावर येतो. या महिन्याच्या अखेरीस मी लास व्हेगासला येतोय. तिथे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं चार दिवसांचं प्रदर्शन आहे. व्हर्ल म्हणाला, दादा, गॅरेज मी सांभाळतो, तू जाऊन ये. तुला माहीतच आहे, मी आजवर राज्याबाहेर दोनदाच गेलोय, त्यात एकदा तर रस्ता चुकून.

तू तिथे बावीस वर्षं कॅसिनोत पत्ते वाटलेस. तेव्हा तुझ्यापेक्षा चांगला सल्ला कोण देणार? पहिल्यांदा येणाऱ्याने काय घालावं, कुठे जेवावं, कोणापासून जपून राहावं, सगळं सविस्तर लिही.

आणि सहज विचारतो. ‘सिल्व्हर लँटर्न’ कॅसिनोत संध्याकाळच्या पाळीला पत्ते वाटणारे चांगले डीलर असतात का? टेबलापाशी नुसतं बसलं तर चालतं का? डीलरशी गप्पा मारलेल्या आवडतात का त्यांना? कोट घालून जावं की साधा शर्ट बरा?

गुडघा कसा आहे? तुझ्या शेजारणीला माझा नमस्कार सांग. किंवा नको सांगूस.

तुझा,
एल्डन


लास व्हेगास, नेवाडा
९ मार्च

एल्डन, बाळा,

गुडघा बरा आहे. तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, त्याची मला काळजी लागलीय.

आधी सल्ला घे. इथे समोर दिसणारं हॉटेल जवळ असतं असं कधीही समजू नकोस. इतकं मोठं बांधतात की शेजारी वाटतं, आणि चालून चालून पायाला फोड येतात. तेव्हा नवे बूट आणू नकोस. हवा इतकी कोरडी आहे की दुसऱ्या दिवशी ओठ फुटतात, म्हणून तहान नसली तरी पाणी पीत राहा. आत मात्र हुडहुडी भरेल असं गार करून ठेवतात, तेव्हा स्वेटर हवाच. विमानतळावरून टॅक्सीत बसलास की मुकाट्याने खिडकीबाहेर बघ. ‘अबब, केवढं हे!’ असं तोंडातून निघालं की ड्रायव्हरने ओळखलंच, मग तो तुला गावाला वळसा घालून नेईल.

जेवायला मोठ्या हॉलमध्ये जा, जिथे एकदा पैसे भरले की हवं तेवढं वाढून घेता येतं. पण पहिल्याच टेबलावरच्या बटाट्यांवर तुटून पडू नकोस. नेब्रास्काचे सगळे तेच करतात, आणि शेवटच्या टेबलावरच्या भाजलेल्या मांसाला पोटात जागा उरत नाही. नाणी टाकून जुगार खेळायच्या यंत्राच्या दांड्यावर कागदी पेला उपडा घातलेला दिसला तर तिथे बसायचं नाही. ते यंत्र कुठल्यातरी म्हातारीने राखून ठेवलेलं असतं. ती नुसती हात धुवायला गेलेली असते, आणि परत आली की तुला पर्सने बडवेल. पेय आणून देणाऱ्या मुलीला डॉलरभर बक्षीस दे. पेय फुकट असलं तरी तिचे पाय फुकटचे नाहीत. आत घड्याळ नसतं, खिडकी नसते. तेव्हा मनगटावर घड्याळ बांध आणि ते बघतही जा.

आता खरं बोलूया. संध्याकाळची पाळी, चांगले डीलर, टेबलापाशी बसू का... मी काय दुधखुळी आहे? तू कुणाकडून तरी हमखास जिंकायचं पुस्तक विकत घेतलंयस! दर आठवड्याला एकजण तसलं पुस्तक काखेत मारून यायचा माझ्या टेबलावर, आणि परतीच्या बसभाड्यासाठी मनगटातलं घड्याळ विकायचा. तुझा बाप नाकासमोर चालणारा माणूस होता, तूही तसाच राहा. पत्त्यांच्या टेबलाचे नियम मी मुद्दाम लिहीत नाहीय. माहीत नसले म्हणजे बसणार नाहीस.

मी अठराला सॅक्रामेंटोला लेकीकडे जातेय, लिनेटला बाळ व्हायचंय. घर रंगवायला काढलंय, तेव्हा हॉटेलातच उतर. पत्र लिनेटच्या पत्त्यावर पाठव.

तुझी काळजीने अर्धी झालेली (वजनाने नव्हे),
विल्मा आत्या


हार्लो क्रीक
१५ मार्च

प्रिय आत्या,

पुस्तक नाही, जुगार नाही. देवाशपथ. आता सांगूनच टाकतो, नाहीतर तू पाद्रीबाबांना पत्र लिहिशील.

नोला.

गेल्या ऑक्टोबरात चर्चच्या शंभरीला तुझी ही शेजारीण तुला मोटारीने इथे घेऊन आली, आणि तुझा गुडघा सुजला म्हणून दोन दिवसांचे आठ झाले. त्या आठवड्यात तिने चर्चच्या तळघरात बायकांबरोबर पिच नावाचा पत्त्यांचा डाव मांडला होता. आठवतं? तिने पत्ते पिसले तेव्हा सगळ्यांच्या हातातले कॉफीचे कप तसेच राहिले होते. मिसेस ओल्डफादर म्हणाली, ‘हे बघणंसुद्धा पाप असेल बहुतेक, पुन्हा करून दाखव बघू.’ मी दारात उभा होतो. तेव्हापासून मी तिथेच उभा आहे असं वाटतं.

आम्ही एकमेकांना कार्डं पाठवतो. चित्राचं कार्ड, मागे चार ओळी. ती लिहिते तिच्या अंजिराच्या झाडाबद्दल, मी लिहितो पावसाबद्दल. चार ओळींत मला जे म्हणायचंय ते मावत नाही. म्हणून येतोय. प्रदर्शन खरंच आहे, पण मी अंगठी घेतलीय. तिला येण्याचं कळवलेलं नाही. सत्तेचाळीस वर्षांत मी कुणाला काही मागितलेलं नाही, तेव्हा नाही म्हणाली तर काय करायचं ते मला माहीत नाही. तिला काही सांगू नकोस. पण मी कसं काय करू, ते सांग.

तुझा,
एल्डन


सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया
२० मार्च

अरे लबाडा!

घोडं कुठे पेंड खातंय ते आत्ता कळलं! मी इतकी ओरडले की लिनेटला वाटलं मलाच कळा सुरू झाल्या. नोला माझ्या कुंपणापलीकडे सहा वर्षं राहतेय आणि मला पत्ता नाही. मग गेले पाच महिने ती टपालवाल्याची वाट का बघते, असा विचार कधी मनात आला नाही. मला वाटायचं, वीजबिल.

तुझ्या कार्याला देव यश देवो. आता कान उघडे ठेवून ऐक. दुपारी बाराच्या आधी तिचं दार वाजवू नकोस. संध्याकाळच्या पाळीचं माणूस आहे, झोपलेलं असतं. चारच्या सुमाराला ती न्याहारी करते, तीच वेळ गाठ. तिला मोठ्या हॉटेलात नेऊ नकोस, तिथे तिला गिऱ्हाइकं भेटतात. तिच्या आवडीची टपरी जुन्या गावात आहे, तिलाच विचार, घेऊन जाईल.

कॅसिनोत तिच्या कामाच्या जागी मात्र हा विषय काढू नकोस. शपथ आहे तुला.

आणि दुसरं. ‘या गावातून तुला मी बाहेर काढतो’ असं चुकूनही म्हणू नकोस. इथे येणारा प्रत्येक पाहुणा तीन दिवस आमच्याकडून मजा करून घेतो आणि चौथ्या दिवशी आमची कीव करत घरी जातो. बावीस वर्षं ऐकलंय ते मी.

बाकी तू गोड मुलगा आहेस. केस कापून घे.

आत्या


हार्लो क्रीक
२ एप्रिल

प्रिय आत्या,

मी परत आलोय. सगळं संपलं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे पहिल्या दिवशी दुपारी तिच्या दारात गेलो. ती घरी नव्हती. दुसऱ्या दिवशी चारला गेलो, तेव्हाही नव्हती. मग तिच्या अंजिराच्या झाडाकडे बघत तासभर उभा राहिलो, तेव्हा पलीकडच्या म्हाताऱ्याने विचारलं की तू कर वसूल करायला आलायस का. तिसरी संध्याकाळ शेवटची होती. मी ठरवलं, सिल्व्हर लँटर्नमध्ये जाऊन लांबून बघायचं फक्त. शप्पथ, लांबूनच. पण तिच्या टेबलापाशी एक स्टूल रिकामं झालं आणि पाय आपोआप तिकडे गेले.

तिने मला बघितलं. आत्या, तिचा चेहरा असा उजळला की माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि अक्कलही त्याच्यामागे गेली. शेजारी ओहायोचा एक जाडजूड माणूस होता, पलीकडे नवं लग्न झालेलं जोडपं. मी खिशातून डबी काढली आणि तिच्या हातात द्यायला हात पुढे केला. विचारायचं ते राहूनच गेलं.

तिने डबीला हात लावला नाही. दोन्ही हात मागे घेतले. मग एकदा टाळी वाजवली, दोन्ही तळवे उघडून माझ्यासमोर धरले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. जणू सांगत होती, ‘बघ बाबा, माझ्याकडे तुला द्यायला काही नाही.’ ‘शुभेच्छा सगळ्यांना,’ असं म्हणाली. ओहायोवाल्याकडे बघून हसली तसंच माझ्याकडे बघून हसली, आणि वळून निघून गेली. तिच्या जागी एक टकला माणूस येऊन पत्ते वाटायला लागला.

मी डबी खिशात टाकली आणि तडक विमानतळ गाठला. आमच्याकडच्या बायका निदान ‘विचार करून सांगते’ म्हणतात. इतका स्पष्ट नकार मी आयुष्यात बघितला नाही. टाळी कशाला वाजवली, तेवढं फक्त कळलं नाही. ते फार लागलं.

तुझा,
एल्डन

ता. क. बटाटे खाल्ले नाहीत. मांस चांगलं होतं.


सॅक्रामेंटो
६ एप्रिल

गाढवा,

लिनेटला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. ही बातमी आधी सांगते, कारण पुढे मी फक्त तुला शिव्या देणार आहे.

अरे, ती तिची सुटी होती! डीलर तासभर पत्ते वाटतो आणि वीस मिनिटं विसावा घेतो. बदली माणूस येऊन खांद्याला हात लावतो, तेव्हा एक टाळी वाजवायची, तळवे उलटसुलट करून छतातल्या कॅमेऱ्याला दाखवायचे, हातात काही लपवून नेत नाही म्हणून, आणि लगेच टेबल सोडायचं. डाव कितीही रंगलेला असो. मी दिवसातून दहा वेळा करायचे ते. आज नातीला पाळण्यात ठेवलं, टाळी वाजवली आणि तळवे दाखवले. जावई म्हणाला, ‘सासूबाई, एवढं काय, आम्हीही ठेवतो तिला पाळण्यात.’ निवृत्त होऊन चार वर्षं झाली, अजून सुटत नाही.

आणि डबी घेतली नाही, कारण गिऱ्हाइकाच्या हातातून डीलरने काहीही घ्यायचं नसतं. पैसेही आधी टेबलावर ठेवायचे, मग ती उचलणार. हातातून घेतलं असतं तर त्याच संध्याकाळी नोकरी गेली असती तिची. तिच्या मागे साहेब उभा असतो, वर कॅमेरा. लोक तिथे नाही नाही ते हातात कोंबायला बघतात, एल्डन.

हात तिने दाखवले आणि अवलक्षण तू करून घेतलंस! वीस मिनिटं त्या स्टुलावर बूड टेकवून बसता आलं नाही? घोडचूक माझीही आहे. टेबलाचे नियम लिहिले नाहीत मी. पण कॅसिनोत विषय काढू नकोस म्हणून शपथ घातली होती ना? पालथ्या घड्यावर पाणी.

तिचं उत्तर काय आहे, मला माहीत नाही. तिने मला काही लिहिलेलं नाही, आणि मीही मध्ये पडणार नाही. आत्ताच्या आत्ता तिला पत्र लिही. कार्ड नव्हे. पत्र!

आत्या


हार्लो क्रीक
१० एप्रिल

प्रिय नोला,

तू टाळी का वाजवलीस ते मला आत्याच्या पत्रातून कळलं. मी मूर्ख आहे. मला वाटलं तू मला नकार दिलास, म्हणून पळालो. त्याआधी मंगळवारी आणि बुधवारी तुझ्या दाराशीही येऊन गेलो होतो. यायच्या आधी आत्याला बूट, टॅक्सी, जेवण, सगळं विचारून घेतलं होतं, पण टेबलाची रीत कळली नाही. मला माफ कर.

डबीत काय होतं ते तू ओळखलं असशीलच. मला वाटतं, तुझं आयुष्य फार कष्टाचं आहे. तो गोंगाट, ते दारुडे, संध्याकाळभर उभं राहणं. इथे तुला नोकरी करायची गरज पडणार नाही. माझं घर मोठं आहे, स्वयंपाकघराला मागच्या वर्षी नवी फरशी घातली. त्या सगळ्यातून तुला बाहेर काढता आलं तर मला फार आनंद होईल.

तुझा,
एल्डन


लास व्हेगास
१५ एप्रिल

एल्डन,

वीस मिनिटांची सुटी. पहिली पाच मिनिटं मी विश्रांतीच्या खोलीत सगळ्यांना सांगत सुटले की नेब्रास्काचा माझा माणूस आलाय. दहा मिनिटं ओठांना रंग लावण्यात गेली, कारण तीनदा पुसून पुन्हा लावला. बाकीची पाच आरशासमोर ‘हो’ म्हणायचा सराव करण्यात. परत आले तर तुझ्या स्टुलावर सिगार ओढणारी एक बाई बसलेली.

दुसऱ्या दिवशी, तू त्यासाठीच आला असशील म्हणून, मी तुमच्या ट्रॅक्टरांच्या प्रदर्शनात गेले. उंच टाचांचे बूट घालून, तीनशे ट्रॅक्टरवाल्यांमध्ये. सगळ्यांनी मला नांगर दाखवले. एकाने सांगितलं की हार्लो क्रीकचा माणूस काल रात्रीच गेला. त्याच्याकडून मी एक पाना विकत घेतला, कारण रिकाम्या हाताने परत यायची लाज वाटली.

तेव्हा मी तुझ्यावर रागावले नव्हते. आता रागावलेय, तुझं पत्र वाचून.

मला ‘बाहेर काढणार’? कशातून? मी काय विहिरीत पडलेय? एल्डन, मी माझ्या कामात चांगली आहे. हरणाऱ्या माणसाला घरी जायची आठवण मी अशी करून देते की त्याचा अपमान होत नाही. ते सगळ्यांना जमत नाही. हे घर माझं आहे. दुपारी मी अंजिराखाली बसते, शेजारचे कीन आजोबा कुंपणावरून बातम्या वाचून दाखवतात. मंगळवारी मी आंधळ्यांच्या शाळेत मुलांना पुस्तकं वाचून दाखवते. तू दाराशी आलास तेव्हा पहिल्यांदा मी तिथेच होते, आणि दुसऱ्यांदा दात काढायला गेले होते.

बूट कुठले घालावेत ते तू आत्याला विचारलंस. मी कुठे राहणार ते मात्र मला न विचारताच ठरवून टाकलंस. तुझ्या नव्या फरशीचं मला कौतुक आहे. पण चर्चच्या तळघरात दोन डोक्यांच्या वासरासारखं बसून ‘हीच ती व्हेगासची बाई’ हे जन्मभर ऐकायला मी येणार नाही.

मला तू आवडतोस. फार आवडतोस, म्हणूनच एवढं लांबलचक भांडतेय. पण तुला मी हवी आहे की मला वाचवल्याचं पुण्य हवंय, ते आधी ठरव. तू मला अजून काही विचारलेलंच नाहीस. पत्रातही नाही, नीट वाचून बघ.

नोला


हार्लो क्रीक
२४ एप्रिल

नोला,

नीट वाचून बघितलं. खरंच विचारलेलं नाही.

हे पत्र लिहायला पाच दिवस लागले, कारण आधी काही माणसांशी बोलायचं होतं. आधी व्हर्लशी बोललो. गॅरेज तू घे म्हटलं, तर तो हातातलं काम टाकून हात पुसायला लागला. मला वाटलं वाईट वाटलं त्याला. मग म्हणाला, ‘दादा, तू कधी जातोस याची मी दहा वर्षं वाट बघतोय.’ त्याची बायको लगेच पडद्यांचं माप घ्यायला लागली. मग मिसेस ओल्डफादरकडे गेलो आणि विचारलं की नोलाबद्दल इथे काय बोलतात. ती म्हणाली, ‘खरं सांगू? तू म्हणतोस तसं काही वाईट बोलत नाहीत. पण रोज बोलतात, एवढं नक्की.’ म्हणजे तुझं बरोबर होतं.

मी तीन दिवसांत तुमच्या गावात हॉटेल बघितलं, ट्रॅक्टर बघितले आणि तुझं टेबल बघितलं. तू राहतेस ते गाव मी बघितलंच नाही. आणि न बघताच तुला तिथून हलवायला निघालो. इथे सगळे म्हणतात की व्हेगासला जायचं असतं, तिथे कुणी राहत नसतं. मीही तेच म्हणायचो. माझी कार्डं तू ज्या घरात वाचायचीस, ते घर कुठे असेल असं मला वाटत होतं कोण जाणे.

तुला वाचवायचं नाहीय. उलट तूच मला वाचवत असलीस तर माहीत नाही, कारण गेल्या ऑक्टोबरापर्यंत मी कुणाशी जेवताना बोललो नव्हतो.

मी तिकडे येतो. इंजिनं तिथेही बिघडत असतीलच. नव्याने शिकावं लागलं तर शिकेन. तू कामावर जा, मी संध्याकाळी घरी असेन, तू परत आलीस की जेवायला वाढेन. मला फक्त तीन पदार्थ येतात.

आता नीट विचारतो. माझ्याशी लग्न करशील?

एल्डन


लास व्हेगास
२९ एप्रिल

एल्डन,

पत्र टपालपेटीपाशी उभ्यानेच वाचलं. मग आत येऊन बसून वाचलं. मग कीन आजोबांना कुंपणावरून वाचून दाखवलं, कारण रोज तेच वाचून दाखवतात, एकदा माझी पाळी. शेवटच्या ओळीला ते म्हणाले, ‘हा तोच का, कर वसूल करायला आलेला?’

मी एकोणीस वर्षं इथे पत्ते वाटतेय. टेबलावर बसणारा प्रत्येक माणूस आपलं गाव सांगतो आणि न विचारता हेही सांगतो की मी रविवारी परत जाणार. चांगली माणसंही असतात त्यांत. काहींनी मला अंगठ्याही दाखवल्यात, बरं का. पण त्यांतला कुणी कधी म्हणाला नाही की मी इथे येतो. तुझं ते वाक्य वाचून मी रडले, आणि मी सहसा रडत नाही.

विल्माला मी काही कळवलेलं नाही, तू कळव. ती परवा परत येतेय, आणि आपल्या दोघांना पुरेल एवढा सल्ला घेऊन येईल. लग्न मात्र तुमच्या चर्चमध्ये करू. अख्खी दुनिया लग्नाला व्हेगासला येते, आपण माझ्या मोटारीने उलटे तिकडे जाऊ, आणि मिसेस ओल्डफादरला समोरच्या बाकावर बसवू.

जूनमध्ये ये म्हणणार होते, पण उन्हाने तुझा जीव जाईल. तरी जूनमध्येच ये. जुलै त्याहून वाईट असतो आणि इथे राहायचं तर तोही काढावा लागतो.

हो, करीन मी तुझ्याशी लग्न. येताना परतीचं तिकीट काढू नकोस.

तुझी,
नोला